लांबचं बघायला

निरवांगीच्या स्टँडवर उतरून कुणालाही विचारा, पाण्याची मोटार जळलीय, कुठं न्यायची? विचारलेला माणूस मान वर न करता हात करतो, "त्या लिंबाखाली. लियाकतभाईकडं." लिंबाखाली पत्र्याचं शेड, शेडच्या दारात जळक्या मोटारी ओळीनं मांडलेल्या, आणि आत मुलाण्यांचा लियाकत मांडी घालून बसलेला. जळलेली कॉइल उपटायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, मोटार फिरवून बघायची. वयाच्या विशीत त्यानं हे काम धरलं, आणि आता पन्नाशी मागं पडली तरी बैठक तीच होती. बदल झाला तो शरीरात. पोट पुढं आलं होतं आणि मांडी सोडून उठताना गुडघे कटकट वाजत होते.

निरवांगीचा शिवार म्हणजे ऊस. कालव्याचं पाणी, नीरेचं पाणी, विहिरींचं पाणी, आणि जिथं पाणी तिथं मोटार. थ्री फेज लाइट येते तेव्हा सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, आणि कुणाची ना कुणाची मोटार जळते. जळली की शेतकरी ती विहिरीतून ओढून काढून, फटफटीवर मागं बांधून आणणार तो दिवस कलताना. त्यामुळं संध्याकाळ नावाची वेळ लियाकतनं कधी नीट बघितलीच नव्हती. बाहेर कधी अंधार पडला हे त्याला शेडमधला बल्ब लावायची वेळ आली की कळायचं. मगरिबची, मावळतीची अजान झाली की हात धुऊन घाईनं मशिदीत जाऊन यायचा, आणि पुन्हा मांडी.

त्याची बायको करिमा मागच्या आळीत घरी शिलाईमशीन चालवायची. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. तिचं माहेर मोरगावच्या बाजूचं, कोरडवाहू मुलखातलं. बापाची शेरडं होती. करिमा लग्न होईपर्यंत शेरडांमागं माळानं हिंडलेली. ज्वारी, बाजरी, कुसळी गवत, मधूनच एखादं हिवराचं झाड, आणि चारी दिशांना मोकळं. नवी नवरी होऊन निरवांगीला आली तेव्हा सासूनं कौतुकानं तिला हिरवागार शिवार दाखवला. करिमा जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हितं लांबचं काय दिसतच न्हाय की."

सगळे हसले होते. सासू म्हणाली होती, पोरीचे डोळे तपासून घ्यायला हवेत. पण करिमाचे डोळे चांगले होते. घराबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. ऊस तुटला की चार दिवस शिवार मोकळा, मग पुन्हा खोडवा फुटतो आणि भिंत उभी राहते. शेरडांमागं हिंडताना जिनं दोन गावांपलीकडचा पाऊस येताना पाहिलेला, ती ह्या हिरव्या बोळात आली, संसाराला लागली आणि पुन्हा त्याविषयी बोलली नाही.

ती बोलली ते रुक्सारच्या लग्नानंतर. रुक्सार ही त्यांची एकुलती एक लेक. तिला बारामतीला दिली. थंडीच्या सुरुवातीला ती चार दिवस राहून गेली, एसटी वळणाआड गेली, आणि करिमा घरी न जाता सरळ शेडमध्ये आली. लियाकत एका मोटारीचं बेअरिंग ठोकत होता.

"आज लवकर मिटवता का दुकान?"

"का गं? बरं वाटंना व्हय?"

"बरं हाय. त्या कालव्यापलीकडच्या टेकडीवर जाऊन येऊ. एसटीतनं दिसती ती. दिवस मावळायच्या आत जायचं अन् यायचं."

लियाकतला वाटलं, लेक गेली म्हणून मन लागत नसेल. तो म्हणाला, "टेकडीवर काय हाय?"

"काय न्हाय. लांबचं बघू."

"उद्या जाऊ," तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

पण उद्या संध्याकाळी एक पाणबुडी मोटार आली, तिचा मालक रडकुंडीला आलेला. परवा तारेचं बंडल संपलं म्हणून लियाकतला इंदापूरला जावं लागलं. पुढं एकदा दोघं खरंच निघाली, करिमानं पदर खोचला, पायात बूट घातले, रुक्सारचे जुने. आणि शेडला कुलूप लावताना समोरून ट्रॉली आली, ट्रॉलीत मोटार. लियाकतनं करिमाकडं बघितलं. ती म्हणाली, "घ्या उतरून," आणि घरी गेली.

त्यानंतर ती विचारायची थांबली. हे लियाकतच्या लगेच ध्यानात आलं नाही. एके दिवशी चहा पिताना त्याला चुकल्यासारखं वाटायला लागलं, कशानं ते उमगेना, आणि मग कळलं की बरेच दिवस झाले, करिमा दुकान लवकर मिटवता का म्हणून विचारत नाही. ती रागावली असती तर त्यानं समजूत काढली असती. पण ती रागावलेलीही नव्हती. जेवायला वाढत होती, हसत होती, मशीन चालवत होती. तो चहा त्याला कडू लागला.

दोनएक दिवसांनी सावळाराम तात्यांची मोटार आली. सावळाराम तात्या म्हणजे कालव्यालगतचे शेतकरी, पांढऱ्या मिशांचे, जुने गिऱ्हाईक. मोटार उतरवून ते लिंबाखालच्या बाकावर बसले. त्यांची रीत अशी, की मोटार फिरेपर्यंत हलायचं नाही. लियाकतनं कॉइल उपटायला घेतली तेवढ्यात शेजारची साजिया शेडच्या दाराशी आली. तिचा ब्लाउज करिमाकडं शिवायला होता.

"भाई, भाभी कुठं गेल्यात? घराला कडी हाय. मला तर कालव्याच्या अंगाला जाताना दिसल्या. एकट्याच व्हत्या. पायात बूट."

लियाकतच्या हातातली पक्कड तशीच राहिली. तो उठला. गुडघे वाजले.

"कुठं निघालास रं?" तात्या म्हणाले.

"टेकडीवर. माणूस एकटंच गेलंय माझं."

"अन् माझा ऊस? पाण्याची पाळी हाय माझी. मोटार उघडी टाकून तू फिराया जातोस व्हय?"

लियाकतला एरवी गिऱ्हाइकाला नाही म्हणता यायचं नाही. त्या दिवशी त्यानं पक्कड खाली ठेवली. हात पुसले, फटफटीची किल्ली शोधायला लागला. तात्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांचा आवाज उतरला.

"जा, जा. त्या माळावर लांडगं हिंडत्यात म्हणं. बाई माणूस एकटं. जा तू. मी हितंच हाय, दुकान बघतो."

कालव्याच्या पुलापर्यंत दोन्हीकडं ऊसच होता. तुरे आलेला, तोडीला आलेला. पूल ओलांडला, मुरमाड चढ लागला, आणि ऊस संपला. एकदम संपला. कालव्याचं पाणी जिथवर चढू शकतं तिथं हिरव्याची हद्द, आणि तिच्यावर एक पाऊल टाकलं की पिवळं गवत, खडे, वारा. लियाकत जन्मापासून ह्या गावात राहिला होता. ह्या हद्दीपलीकडं त्याला कधी काम पडलं नव्हतं, कारण पलीकडं एकही मोटार नव्हती.

वाट संपली तिथं त्यानं फटफटी उभी केली आणि चढायला लागला. पन्नास पावलांत धाप लागली. कुसळं पायजम्यात घुसली. तो थांबायचा, वर बघायचा, करिमा दिसत नाही म्हणून घाबरायचा आणि पुन्हा चढायचा. लांडग्यांचं तात्या बोलले ते त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी अर्ध्या चढावर, एका हिवराखाली, ती दिसली. दगडावर निवांत बसली होती, बुटातला खडा काढत.

"आलात व्हय?" ती म्हणाली. "दुकान?"

"तात्या बसल्यात." धापेमुळं त्याला राग नीट करता येईना. "सांगून जायचं न्हाय व्हय? जीव गेला माझा हितवर येताना."

"सांगतच व्हते की इतकं दिवस."

तो तिच्या शेजारी बसला. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. प्यायल्यावर ती म्हणाली, "आता आलाच हायसा तर वर चला. थोडंच ऱ्हायलंय."

ती पुढं, तो मागं. तो बघत होता की करिमा चढताना खाली बघतच नाही. पाय आपोआप खडा चुकवत होते, काटा चुकवत होते. घरात पायरी उतरताना कंबर धरणारी हीच बाई का, असं त्याला वाटलं.

माथ्याच्या जरा खाली त्याच्या टाचेत सराटा घुसला. एका दगडाशी थांबून त्यानं त्या पायातली चप्पल काढली, काटा उपटला, आणि माथा दोन हातांवर आलाय ह्या घाईत ती तिथंच विसरून तो तसाच वर गेला. मग त्यानं मान वर केली.

पहिल्यांदा त्याला काय बघतोय तेच कळेना. डोळ्यांना अडायची सवय. भिंत, पत्रा, ऊस, झाड, काहीतरी आडवं येतंच. इथं नजर निघाली ती थांबेचना. खाली ऊस एखाद्या सतरंजीसारखा पसरलेला, त्यात नीरेची वाकडी रेघ. दूर साखर कारखान्याचं धुराडं, त्याचा धूर वाऱ्यानं एका अंगाला कललेला. त्याच्या पलीकडं गावं, गावांपलीकडं निळसर डोंगर, डोंगरापलीकडं आणखी एक फिकट रांग. उत्तरेला जमिनीच्या कडेवर एक चकाकती चीर होती. करिमा म्हणाली, उजनीचं पाणी असंल, भिगवणच्या अंगाचं. लियाकतला वाटलं नुसतं ऊन असेल. पण तो वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता.

"आपलं गाव कुठंय?"

करिमानं बोट दाखवलं. झाडांचा एक झुबका, त्यात मशिदीचा पांढरा ठिपका आणि देवळाचा कळस. एका मुठीत मावेल एवढं.

"एवढंसं?" लियाकत म्हणाला.

त्याचा आवाज त्यालाच वेगळा वाटला. त्याचं बालपण, आईबापाच्या कबरी, लग्न, रुक्सारचा जन्म, शेड, हजारो मोटारी, सगळं त्या झुबक्यात. आणि वर हे आभाळ, ज्याचा एक कोपरासुद्धा त्या झुबक्यानं भरत नव्हता. त्याला लहान झाल्यासारखं वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

दोघं एका खडकाच्या आडोशाला बसली. वारा समोरून येत होता. सूर्य तांबूस व्हायला लागला तसं गवत पेटल्यासारखं दिसायला लागलं.

तेवढ्यात करिमाची बोटं त्याच्या मनगटावर आली. घट्ट.

"हलू नका."

खाली, फेकलेला दगड पोचेल एवढ्यावर, ओघळीच्या कडेला गवतात दोन कान उभे होते. मग डोकं. मग अख्खं जनावर बाहेर आलं. गवताच्याच रंगाचं, लांब पायांचं, पोट आत गेलेलं.

"कुत्रं हाय," लियाकत पुटपुटला.

"न्हाय." करिमाचा श्वास त्याच्या कानाला लागला. "चाल बघा तिची."

ती चाल कुत्र्याची नव्हती. कुत्रं हुंगत, थांबत, इकडंतिकडं बघत जातं. ही मादी जमिनीवरून वाहत आल्यासारखी आली. ओघळीत एक कपार होती, तिच्या तोंडाशी उभी राहिली आणि हलकेच कण्हल्यासारखा आवाज केला. त्यासरशी कपारीतून पिल्लं सांडली. एक, मग एकदम तीन. अंगापेक्षा मोठ्या कानांची, पायांत पाय अडकणारी. ती आईच्या तोंडाशी भिडली, तोंड चाटू लागली, आणि आईनं मान खाली घालून पोटातलं खाणं त्यांच्यापुढं काढलं. पिल्लं तुटून पडली. आई उभी राहून वाऱ्यात नाक धरून होती, आणि त्यांच्याकडं बघून एकदा तिनं शेपूट हलवली.

लियाकतनं करिमाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ती ते पुसतही नव्हती. करिमानं लहानपणी लांडगा पाहिला होता तो फक्त पाठमोरा, तोंडात शेरडू धरून पळणारा, आणि मागं दगड भिरकावत, शिव्या देत धावणारा बाप. तिच्या घरात लांडगा म्हणजे नुकसान. त्याला घर असतं, घरी वाट बघणारं कुणी असतं, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

खाऊन झाल्यावर पिल्लं खेळायला लागली. एक धीट पिल्लू हुंगत हुंगत चढावर आलं, थेट त्या दगडाशी, जिथं लियाकतची चप्पल होती. त्यानं चप्पल हुंगली. मागं उडी मारली. पुन्हा हुंगली. मग पट्टा दातांत धरला आणि आपल्याएवढी लांब ती चप्पल फरपटत उताराला लागलं. बाकीची तिघं धावली. ओढाओढ सुरू झाली. लियाकतला हसू फुटेल असं वाटलं, त्यानं तोंडावर हात दाबला. त्या हालचालीनं की काय, आईनं मान वळवली.

तिनं बघितलं. सरळ दोघांकडं. डोळे पिवळे, उन्हात आणखी पिवळे. भीती होती, नव्हती असं नाही. पण भीतीच्या वर आणखी काहीतरी होतं, ज्याला त्याच्याकडं शब्द नव्हता. मशिदीत सगळ्या रांगा एकदम कपाळ टेकून सजद्यात जातात तेव्हा जे वाटतं, त्याच्या जवळपासचं. त्या जनावरानं त्यांना बघितलं, जोखलं, आणि सोडून दिलं. घाई न करता ती वळली, ओघळीत उतरली, पिल्लं मागोमाग. शेवटच्या पिल्लाच्या तोंडात चप्पल होती.

सूर्य टेकला आणि ओघळीतून तो आवाज निघाला. लांब, चढत जाणारा. एक निघाला, थांबला, आणि पलीकडच्या माळावरून, फार लांबून, दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग पिल्लांनीही आपापले चिरके गळे लावून बघितले. आणि मग सगळं शांत.

ह्या शांततेत खालून अजान आली. पातळ, वाऱ्यानं मोडलेली; आधी एका गावची, मग दुसऱ्या गावची. लियाकत उठला, उरलेल्या पाण्यानं हात-तोंड धुऊन वजू केली, गळ्यातला रुमाल खडकावर अंथरला. करिमा त्याच्या मागं बसूनच नमाज पढली. त्यानं आयुष्यात नमाज किती पढली असेल, पण डोकं दगडाला टेकल्यावर इतका वेळ उचलावंसं वाटलं नाही, असं पहिल्यांदा झालं.

उतरताना एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. करिमानं हात पुढं केला. रस्त्यावर त्यानं तो कधी धरला नसता. इथं धरला, आणि फटफटीपर्यंत सोडला नाही.

तात्या अजून बाकावर होते. "गावली का?"

"गावली."

"अन् चप्पल रं?"

लियाकतनं अनवाणी पायाकडं बघितलं. "कुत्र्यानं नेली," तो म्हणाला.

करिमानं त्याच्याकडं बघितलं. दुकानात घडलेली बारीकसारीक गोष्ट अख्ख्या स्टँडला सांगणारा माणूस हा. पण त्याला दिसत होतं, की हे बाहेर गेलं तर उद्या माळावर माणसं असतील, मोबाइल घेऊन आलेली आणि काठ्या घेऊन आलेली. तात्यांच्या गोठ्यातही शेरडं होती. तात्यांची मोटार त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी भरून दिली आणि त्यांना हात जोडून म्हणाला, "तात्या, इथून पुढं पाचच्या नंतर दुकान बंद. ज्याला यायचंय त्यानं दुपारी यावं."

आधी बोंबाबोंब झाली. लियाकतला म्हातारचळ लागलाय, बायकोला घेऊन डोंगर फिरतो, असं स्टँडवर बोललं गेलं. काही मोटारी दुसऱ्या गावाला गेल्या. मग हळूहळू लोक दुपारी यायला लागले, कारण लियाकतनं भरलेली मोटार लवकर जळत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. रोज जाणं जमायचं असं नाही. कधी करिमाचे गणवेश अडलेले, कधी त्याचे गुडघे. पण जमेल तेव्हा दोघं पूल ओलांडायची. पिल्लं आणखी दोनदा दिसली, दर वेळी मोठी. मग एके दिवशी कपारीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं दिसलं. लांडगी पिल्लं घेऊन दुसरीकडं गेली होती. करिमानं वाकून आत बघितलं. मग म्हणाली, "पांगली. शहाणी झाली असतील." आणि ती दोघं नेहमीसारखी माथ्यावर जाऊन बसली.

उन्हाच्या झळा लागायला लागल्या तेव्हा एका संध्याकाळी लियाकत शेडला कुलूप लावत होता आणि सावळाराम तात्या फटफटीवरून आले. मोटार नव्हती. मागं त्यांची बायको दगडाबाई बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, अवघडून.

"वर काय असतंया रं एवढं?" तात्या म्हणाले. "ही डोकं खाती माझं. म्हणती, करिमा जाती, मग मला का न्हाय?"

चौघं निघाली. तात्यांना दर चढाला थांबावं लागलं. दगडाबाई पदराला घाम पुसत, पण न थांबता करिमाच्या मागं चढत राहिल्या. माथ्यावर त्या पोचल्या. कमरेवर हात ठेवून एका जागी फिरत चारी दिशा बघत राहिल्या, आणि बराच वेळ झाला तरी त्यांचं फिरणं संपेना.

तात्या मात्र खाली बघत होते. कालव्याच्या कडेला पट्ट्यांवर पट्टे, काही हिरवे, काही तुटून गेलेले, काही पेटवलेल्या पाचटानं काळे.

"लियाकत, माझं रान कुठलं रं ह्यातलं?"

लियाकतनं डोळे बारीक केले. विहीर दिसेना, बांध दिसेना. "ते असंल का, बाभळीपाशी?"

"छे. ती बाभळ माझी न्हवं." तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. जन्मभर ज्या जमिनीचा बांध न बांध पायाखाली घातला, ती त्यांना त्या विस्तारात सापडत नव्हती. त्यांचा चेहरा आधी बावरला, मग मिशांखाली हसू आलं, एखाद्या पोराला यावं तसं.

"चला आता, दिवस गेला," दगडाबाई म्हणाल्या, पण त्याही हलल्या नाहीत.

"थांब गं जरा," तात्या म्हणाले. "घाई काय हाय. सापडंल."